हेक्टरी किती, झाडामागे किती

तहसिलात २७ वर्षं नोकरी केली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यातली ११ वर्षं नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावर गेली. पुरवठ्याच्या टेबलावर लोक भांडायला येत, जमिनीच्या टेबलावर वकील घेऊन येत, माझ्या टेबलावर ओल्या पिशवीत सडकी फळं घेऊन येत. तेव्हापासून टेबलाच्या खणात जुनं वर्तमानपत्र ठेवायची सवय लागली, ती आजही आहे. गेल्या अंकात पावसाच्या मदतीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच घरी पाठवला. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत. पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, टीव्हीवर हेक्टरी साडेअठरा हजार ऐकले. माझा दोन हेक्टर कोरडवाहू कापूस पाण्यात गेला. खात्यात आले १७ हजार. म्हणजे हेक्टरी साडेआठच. मधले दहा हजार कोणी खाल्ले?
*– शेतकरी, काटोल तालुका*

भाऊ, कोणी खाल्ले नाहीत. पण तुम्हाला तसं वाटलं यात तुमची चूक नाही, जाहीरच तसं केलं होतं.

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,००० आणि बागायतीला ३२,५०० असे आकडे होते. आता केंद्राच्या आपत्ती निधीचे नेहमीचे दर पाहा : जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक पिकं २२,५००. प्रत्येकात १०,००० मिळवा. टीव्हीवरचा आकडा आला की नाही? ते दहा हजार रब्बीच्या बियाण्या-खतासाठी होते. त्यांचा आदेश वेगळा, यादी वेगळी, पैसेही वेगळे येणार. तुमचे १७ हजार हा पिकाच्या नुकसानीचा भाग. रब्बीचा भाग आला नसेल तर तलाठ्याकडे 'रब्बीच्या यादीत मी आहे का' एवढंच विचारा. 'साडेअठरातले उरलेले कुठं आहेत' असं विचारलंत तर तोही गोंधळेल.

तुमच्या शेजाऱ्याला मागं हेक्टरी १३,६०० मिळाले होते असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. मध्यंतरी राज्यानं १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे वाढीव दर दिले होते आणि मर्यादा तीन हेक्टरांची केली होती. मे २०२५ मध्ये ते मागे घेऊन पुन्हा केंद्राचे दर आणि दोन हेक्टर केले. ऑक्टोबरात परत तीन हेक्टर झाले. टेबलावर बसणाऱ्या बाईला दर वेळी एक्सेलमधलं सूत्र बदलावं लागतं, आणि दर वेळी एखादं गाव जुन्याच सूत्रात राहून जातं. म्हणून आपल्या गावाचा हिशेब स्वतः कागदावर करून पाहिलेला बरा.

प्रश्न : अतिवृष्टीचे पैसे आले त्याच दिवशी बँकेनं पीककर्जात वळते केले. असं करता येतं का?
*– सावनेर तालुका*

नाही. मदतीच्या रकमेतून कसलीही वसुली करू नये, असं मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्या निर्णयाची प्रत काढा, ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करा, अर्जाला जोडा, एक प्रत शाखा व्यवस्थापकाला आणि एक तहसीलदारांना द्या. दोन्हीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत फ्लोरिडात असतो. तो सांगून राहिला की तिकडे वादळात संत्र्याचा बगीचा गेला तर सरकार ९५ टक्के भरून देते, नऊ लाख डॉलरपर्यंत. वणव्यात जळलं तरी तसंच. नरखेडला माझा दीड हेक्टरचा बगीचा गारपिटीनं झोडपला. जे आलं त्यात कलमंसुद्धा येत नाहीत. भाच्याचं खरं आहे का? आणि खरं असेल तर आपलं सरकार तसं काहून करत नाही?
*– निवृत्त शिक्षक, मानेवाडा, नागपूर*

गुरुजी, माझं माहेरही नरखेड तालुक्यातलं, बगीचा भाऊ पाहतो. त्यामुळे तुमच्या पत्रातली गारपीट मला वाचायची नव्हती, तरी दोनदा वाचली. फेब्रुवारीची गार आपल्याला दोन्हीकडून मारते. मृग बहराचा संत्रा झाडावर तोडीला आलेला असतो आणि त्याच वेळी पुढच्या आंबिया बहराचा फुलोरा निघालेला असतो. एका रात्रीत हातचं पीक जातं आणि पुढचंही.

भाचा खोटं बोलत नाही. पण त्यानं तुम्हाला पाटीवरचा आकडा सांगितला, पाटीमागचं गणित सांगितलं नाही.

२०१७ साली अमेरिकेत हार्वे, इर्मा, मारिया अशी एकामागून एक वादळं आली आणि कॅलिफोर्नियात वणवे पेटले. त्यानंतर तिकडच्या संसदेनं २३६ कोटी डॉलरची तरतूद केली. योजनेचं नाव 'वाइल्डफायर्स अँड हरिकेन्स इन्डेम्निटी प्रोग्रॅम', सगळे 'व्हिप' म्हणतात. राबवली 'फार्म सर्व्हिस एजन्सी'नं, तिची कार्यालयं काउंटी पातळीवर असतात. आपलं तालुका कृषी कार्यालय आणि तहसील यांची खिचडी म्हणा.

आता गणित. समजा तुमच्या बगीच्यातून या वर्षी दहा लाखांचा माल निघायला हवा होता. वादळात झड होऊन हाती तीन लाखांचाच लागला. तुम्ही विमा काढलेला नव्हता. अशा शेतकऱ्याला व्हिपमध्ये ९५ नाही, ६५ टक्के धरत. दहा लाखांचे ६५ टक्के म्हणजे साडेसहा लाख. त्यातून हाती आलेले तीन वजा. मिळाले साडेतीन लाख.

आता तोच बगीचा, पण ८० टक्क्यांचा विमा काढलेला. त्याला ९५ टक्के धरत, म्हणजे साडेनऊ लाख. त्यातून तीन लाखांचा माल वजा आणि विमा कंपनीनं दिलेले पाच लाखही (विम्याच्या आठातून हातचे तीन गेले) वजा. सरकारकडून मिळाले दीडच लाख. पण माल, विमा आणि सरकार मिळून साडेनऊ लाख झाले. भाच्याचे ९५ टक्के ते हे. सरकार एकटं ९५ टक्के देत नव्हतं, ९५ पर्यंत नेऊन सोडायचं. तेही ज्यानं आधीच मोठा विमा काढला त्यालाच. आणि पैसे घेतले की पुढची दोन पीकवर्षं विमा काढणं बंधनकारक होतं.

नऊ लाख डॉलरचंही तसंच. मर्यादा सव्वा लाख डॉलरची होती. ज्याचं निदान ७५ टक्के उत्पन्न शेतीचंच आहे त्याला नऊ लाखांपर्यंत जाता येत होतं. पुढच्या, २०१८-१९ च्या आपत्तींसाठीच्या योजनेत ही मर्यादा बरीच खाली आणली.

मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? फरक आहे, आणि मोठा आहे, पण तो टक्क्यांत नाही. तिकडे पहिला प्रश्न असतो, किती रुपयांचं पीक येणार होतं. आपल्याकडे पहिला आणि शेवटचा प्रश्न असतो, किती हेक्टर. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं की नाही तेवढं पाहायचं (२०१५ पर्यंत ही रेघ ५० टक्क्यांवर होती), मग ३४ टक्के गेलेल्यालाही तेच आणि सगळं गेलेल्यालाही तेच. तुमच्या दीड हेक्टरचं बघा. बहुवार्षिक पिकाचा दर २२,५००, म्हणजे ३३,७५० रुपये. सहा बाय सहा मीटरवर लावलेला बगीचा असेल तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. भागाकार करा, झाडामागे ८१ रुपये येतात. झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात, त्या झाडामागे ८१ रुपये.

पण केंद्राच्या नियमावलीत या पैशाला नुकसानभरपाई म्हटलेलंच नाही. तिथं शब्द आहे निविष्ठा अनुदान. म्हणजे पुन्हा पेरायला बियाण्या-खताचा आधार. पीक गेलं, पुढच्या हंगामासाठी उठून उभं राहा, एवढाच त्याचा अर्थ. सोयाबीनच्या शेतकऱ्याला तो अर्थ लागू तरी पडतो, कारण त्याचा हंगाम चार महिन्यांचा. संत्र्याला पुढचा हंगाम नसतो, झाड असतं. मेलेल्या झाडाच्या जागी कलम लावायचा विचार अमेरिकेत वेगळ्या योजनेत केलाय : नेहमीच्या मरीपेक्षा जास्त झाडं आपत्तीत मेली तर नव्या लागवडीच्या खर्चाच्या ६५ टक्के. आपल्या पंचनाम्यात उन्मळून पडलेलं झाड आणि फक्त फळ गळालेलं झाड एकाच रकान्यात बसतं. सरकार बदललं, पॅकेजं आली-गेली, हा रकाना मी ११ वर्षांत बदललेला पाहिला नाही. पुढारी भाषणात 'नुकसानभरपाई' म्हणतात, आणि शिव्या खातो तलाठी.

वेगाचं मात्र उलटं आहे. इर्मा फ्लोरिडात धडकलं १० सप्टेंबर २०१७ ला. झाडांवरची कच्ची संत्री पाण्यात तरंगत होती, कित्येक बगीच्यांत पाणी साचून मुळ्या कुजल्या. आधीच्या हंगामात राज्यात ६ कोटी ९० लाखांच्या आसपास पेट्या निघाल्या होत्या, त्या हंगामात साडेचार कोटींवर आल्या. पेटी सुमारे ४१ किलोची. त्यांच्याकडे आधीपासून झाड हळूहळू वाळवणारा ग्रीनिंगचा रोग होताच, आपल्याकडेही आहे, तुम्हाला माहीत आहे. एवढं होऊन पैशांचा कायदा झाला ९ फेब्रुवारी २०१८ ला. अर्ज घ्यायला सुरुवात १६ जुलैला. म्हणजे वादळानंतर दहा महिन्यांनी फॉर्म! तोही भरल्यावर सुरुवातीला निम्मीच रक्कम. फ्लोरिडाच्या संत्रावाल्यांसाठी त्यातले ३४ कोटी डॉलर राज्यामार्फत वेगळे काढले, कारण सगळ्यांना एकाच मापानं मोजता येईना. पुढच्या वर्षी मायकल वादळ आलं १० ऑक्टोबर २०१८ ला, जॉर्जियात पेकन या अक्रोडासारख्या फळाची जुनी झाडं मुळासकट आडवी झाली. त्यांचे अर्ज सुरू झाले ११ सप्टेंबर २०१९ ला. अकरा महिने. कारण ही कायमची योजना नाही, दर वेळी संसदेत नवा कायदा लागतो. नंतर त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. २०२०-२१ च्या आपत्तींसाठी हजार कोटी डॉलर आले, तेव्हा विमा असलेल्या शेतकऱ्यांना अर्ज भरूनच घरी पाठवले. माहिती विम्याच्या नोंदीत होतीच, शेतकऱ्यानं तपासून सही करायची. हे वाचलं तेव्हा मला माझ्या टेबलासमोरची आधार कार्डाच्या झेरॉक्सांची रांग आठवली. तोच माणूस, तीच झेरॉक्स, वर्षातून तीनदा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आपलं सरकार तसं काहून करत नाही. पैसा हे एक कारण आहेच. दुसरं कारण आपल्या बगीच्यात आहे आणि ते आपल्याला आवडणार नाही. माझे बाबा बगीचा कसा विकायचे सांगते. व्यापारी यायचा, धुऱ्यावरून आत शिरायचा, एक चक्कर मारायचा, मधेच एखाद्या फांदीखाली उभा राहून वर पाहायचा. मग म्हणायचा, इतके हजार फळ धरतो. बाबा म्हणायचे, इतके. चहा व्हायचा. इसार हातात. कागद नाही, पावती नाही. उद्या कोणी विचारलं की गेल्या पाच वर्षांत या बगीच्यातून दरसाल कितीचा माल गेला, तर दाखवायला काय? तुमच्याकडे काय आहे, गुरुजी? कळमन्याच्या बाजारात स्वतः माल नेणाऱ्याजवळ निदान हिशेबपट्टी असते. फ्लोरिडाच्या शेतकऱ्याला किंमत मागता येते, कारण त्याचं एकरी उत्पन्न वर्षानुवर्षं विम्यात आणि एजन्सीत लिहिलेलं असतं. किमतीवर मदत मागायची तर आधी किंमत कुठेतरी लिहिलेली लागते. सरकारनं रकाना बदलावा हे मी जाहीरपणे म्हणते. पण उद्या बदललाच तर भरायचं काय, हेही मला भावाला दरवर्षी विचारावं लागतं. तो हसतो. या वर्षी त्यानं व्यापाऱ्याकडून वहीच्या पानावर सही घेतली, तेवढं झालं.

तुम्ही मात्र आता एक करा. ई-पीक पाहणीत 'संत्रा' टाकला असेल, पण झाडांची संख्या आणि सिंचनाचं साधन टाकलंय का? विहीर किंवा ठिबक तिथं नसेल तर बगीचा असूनही जिरायतीच्या दरात बसल्याची प्रकरणं मी स्वतः हातानं दुरुस्त केली आहेत. आणि गार पडली की पहिल्या दिवशी फोटो काढून थांबू नका. मार लागलेलं फळ पहिल्या दिवशी चांगलंच दिसतं, सालीवर नखानं दाबल्यासारखा बारीक खड्डा, बस. चार-पाच दिवसांनी तो खड्डा तपकिरी होतो, मग त्यावर हिरवट बुरशी धरते आणि फळ देठापासून सुटतं. त्या दिवशीचा फोटो काढा, त्याच झाडाचा.

प्रश्न : आमचं शेत रामटेककडे जंगलाला लागून आहे. मार्चमध्ये जंगलातून वणवा आला, उभा गहू आणि ठिबकच्या नळ्या जळाल्या. वनविभाग म्हणतो महसुलाकडे जा, महसूलवाले म्हणतात वीज कंपनीकडे जा. आम्ही जायचं कुठं?
*– एक शेतकरी महिला*

ताई, आधी हे ठरवा की आग आली कुठून, कारण रस्ता त्यावर ठरतो. जंगलातून आली असेल तर वनविभागानं तुम्हाला पुढं ढकललं ते रागानं नाही. त्यांच्याकडची भरपाई रानडुकरानं, वाघानं केलेल्या नुकसानीची असते. वणव्यात पीक जळालं तर अर्ज महसुलाकडेच. आग ही आपत्तीच्या यादीत आहे. ३३ टक्क्यांवर पीक गेलं असेल तर पंचनामा व्हायला हवा. पण वनरक्षकाकडून 'या तारखेला या कक्षात वणवा लागला होता' अशी नोंद लेखी मागून घ्या. तुमच्या भागात मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला पेटवतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कागदावर कोणी लिहीत नाही. तो कागद तुमच्या उपयोगाचा आहे.

वरून जाणाऱ्या तारांच्या ठिणगीनं लागली असेल तर मात्र रस्ता दुसरा. पोलिसांत नोंद, महसुलाचा पंचनामा आणि विद्युत निरीक्षकाचा अहवाल. तो अहवाल आल्याशिवाय वीज कंपनी हलत नाही. तारा खाली झुकलेल्या असतील तर कोणी ताणायला येण्याआधी फोटो काढा, मागं खांबाचा नंबर दिसेल असा.

आणि पंचनामा लवकर करून घ्या. जळालेल्या गव्हाचं शेत मी एकदा आगीनंतर नवव्या दिवशी पाहिलं. वारा सुटला होता, राख उडून गेली होती, नांगरलेल्या शेतासारखं दिसत होतं. फक्त ठिबकच्या नळ्या वितळून काळ्या रेघांनी जमिनीला चिकटल्या होत्या, त्यावरून ओळी मोजता आल्या. तुमच्या नळ्यांचे पैसे मात्र आपत्तीच्या मदतीत मिळणार नाहीत, तसा रकानाच नाही. खोटी आशा लावत नाही.

वर अमेरिकेचं लिहिलंच आहे म्हणून सांगते. तिकडे २०२०-२१ च्या आपत्तींच्या कायद्यात 'धुराचा संपर्क' हेसुद्धा नुकसानीचं कारण म्हणून घातलं. वणव्यात द्राक्ष जळलं नाही, पण धूर लागून त्याची वाइन बिघडली, तरी ते नुकसान. आपल्याकडे जळालेल्या ठिबकला रकाना नाही आणि तिकडे धुराला आहे. हे वाचून मला हसू आलं. तुम्हाला येणार नाही, ठाऊक आहे.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या नावानं मदत मंजूर झाली, यादीत नावही आहे. पण गावात त्याच नावाचा, वडिलांचंही तेच नाव असलेला दुसरा माणूस आहे आणि पैसे त्याच्या खात्यात गेले. मिस्टर दोन वर्षांपूर्वी वारले. सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. आता मी कोणाशी भांडू?
*– उमरेड तालुका*

काकू, हे पत्र मी शेवटी ठेवलं, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवत असेल. तेव्हा आजच्यासारखे पैसे आधारावर थेट जात नसत. आम्ही गावनिहाय याद्या टाइप करायचो, यादी आणि धनादेश बँकेत जायचा, बँक खात्यात टाकायची. रात्री साडेनऊला एका गावाची यादी करताना एकसारखी दोन नावं आली. मी वरच्या ओळीतला खातेक्रमांक खालच्या नावासमोर चिकटवला. ज्याचा संत्रा गेला त्याला काही नाही, आणि ज्याच्या शेतात एकही झाड नव्हतं त्याच्या खात्यात पैसे. दीड महिन्यानं खरा शेतकरी आला. ओरडला नाही. म्हणाला, 'बाई, माझ्या बापाचं नाव चुकलं का?' मी यादी काढली, पाहिली, आणि मला पुढचं वाचता येईना.

दुसऱ्यानं तोवर त्यातून बियाणं घेतलं होतं. त्यालाही वाटलं होतं सरकारनं दिले. त्यानं दोन हप्त्यांत परत केले, दुसरा हप्ता सोयाबीन विकल्यावर. मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो रास्तच होता.

तर तुमचं. पहिलं, त्या माणसाशी भांडू नका, तो चोर असेलच असं नाही. तहसीलदारांच्या नावे अर्ज करा : गट नंबर, आठ अ चा खातेक्रमांक, यादीतला अनुक्रमांक आणि व्ही. के. नंबर, म्हणजे यादीतला तुमचा विशिष्ट क्रमांक. नाव सारखं असलं तरी हे सगळं सारखं नसतं. चुकीच्या खात्यातली रक्कम परत घेऊन खऱ्या लाभार्थ्याला देणं कार्यालयाचं काम आहे, तुमचं नाही.

दुसरं आणि जास्त गरजेचं, वारस नोंद. सातबारा मिस्टरांच्या नावावर आहे तोवर परत आलेले पैसेही तुमच्या हाती यायचे नाहीत. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, किंवा ई-हक्कवर ऑनलाइन करा. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम याचसाठी काढली होती, तुमचं गाव कसं राहिलं ते विचारा. फेरफार मंजूर झाला की सगळ्या वारसांची नावं लागतील. मदत एकाच्या खात्यात घ्यायची असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागेल. मुलगी सासरी असेल तर तिचंही. ते आताच करून ठेवा, दिवाळीत सगळे येतात तेव्हा. नंतर एकेकाची सही गोळा करताना वर्ष जातं. नोंद झाली की फार्मर आयडी स्वतःच्या नावानं काढा आणि बँकेत आधार जोडलंय का ते पासबुक घेऊन जाऊन विचारा. जोडलंय असं वाटणं आणि जोडलेलं असणं यात फार फरक असतो.

अर्ज द्यायला सोमवारी सकाळी जा. मंगळवारी बहुतेक बैठक निघते, आणि शुक्रवारी दुपारनंतर सही करणारा कोणी भेटत नाही. आवक शिक्का घ्यायला विसरू नका.